चिरोट्याला पदर किती?

फराळाच्या बाकीच्या जिनसा मुकाट्याने चुकतात. बेसनाचा लाडू बसला तर तो बशीत घालून चमच्याने खाता येतो. चकली मऊ पडली तर दह्यासोबत संपते. करंजी कढईत उकलली तर सारण तळाशी जातं, उरलेलं कवच मुलं पळवतात आणि पुरावा नष्ट होतो. चिरोट्याला ही सोय नाही. तो चुकतो तो चारचौघांत. पदर सुटले नाहीत तर पाहुणा मनापासून म्हणतो, "शंकरपाळी मस्त झालीत हो." पदर सुटले, पण पाक लागलाच नाही, तर तोच पाहुणा विचारतो, "खारी घरी करता?" आणि पाक पुढे गेलेला असला तर तो काहीच बोलत नाही. त्याच्या दाताखाली आवाज होतो, तेवढा पुरतो.

तरीही लोक चिरोटे घरीच करतात, याचं मला नवल वाटतं. आता फराळ विकत आणण्यात कुणाला काही वाटत नाही. चकल्या बचत गटाच्या, अनारसे ओळखीतल्या कुणाच्या तरी मामींचे, चिवडा दुकानातला. गुलाबजामचा प्रश्न तयार पिठाच्या पाकिटाने कधीच सोडवला. ज्याला पाकिटामागचा मजकूर वाचता येतो त्याला गुलाबजाम येतात. जिलबी घरी करण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. जिलब्या पाडण्याचं काम आम्हा लेखकांकडे आहे. राहिला चिरोटा. त्याचं पाकीट अजून कुणी काढलेलं नाही, आणि निघालं तरी आमच्या घरात ते येणार नाही. दिवाळीचा सगळा फराळ बाहेरून आला तरी चालतो, पण "चिरोटे मात्र घरचे" हे वाक्य म्हणता आलं पाहिजे. त्या एका वाक्यासाठी घरातली चार माणसं दिवसभर एकमेकांशी भांडायला तयार असतात.

मी पाकातल्या चिरोट्यांबद्दल बोलतेय, हे आधीच सांगितलेलं बरं. पिठीसाखर भुरभुरवलेल्या चिरोट्यांचा पंथ वेगळा आणि माझा जन्म त्याच पंथातला. माहेर रत्नागिरीचं. लग्न होऊन आले ती सांगलीकडच्या घरात, जिथे साखरेचा हिशेब वाटीने करण्याची पद्धत नव्हती. लग्न जुळवताना दोन्हीकडच्यांनी पत्रिका पाहिली, गोत्र पाहिलं, मुलाचा पगार आडून आडून विचारला; चिरोटे कोणते करता, हे कुणाला सुचलं नाही. पहिल्या दिवाळीला कळलं. सासूबाई म्हणाल्या, "पिठीसाखरेचं काय, फुंकर मारली की उडाली." हे माझ्या आईच्या कानावर गेलं. तिने शांतपणे विचारलं, "पाकातच बुडवायचे होते तर पदर कशाला सोडवले?" या प्रश्नाचं उत्तर सांगलीहून अजून आलेलं नाही.

तसं पाहिलं तर साखरेवरून दोन तट पडणं आपल्याकडे नवीन नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पुढे या राज्याचं राजकारण बराच काळ उसाच्या मोळीभोवती फिरलं. मग ओट्यावरच्या दोन वाट्या साखरेवरून सासू आणि विहीण यांच्यात गट पडले तर ते परंपरेला धरूनच आहे. सरकारचंही याकडे लक्ष असावं. 2022च्या दिवाळीत शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. सासूबाईंनी पेपरातली बातमी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "मैदा कुठाय? पाक करून त्याच्याकडे बघत बसायचं काय?" पुढच्या वर्षीच्या शिध्यात मैदा आणि पोहे आले. हे आपल्यामुळे झालं, असं त्या कधी बोलल्या नाहीत. पण तशी समजूत झालेल्या माणसाने कपाट उघडावं, तसं त्यांनी त्या दिवशी कपाट उघडलं.

आता पिठाकडे वळते. मैद्यात कडकडीत तुपाचं मोहन घालायचं, चिमूटभर मीठ घालायचं आणि पीठ घट्ट भिजवायचं. घट्ट म्हणजे किती? इथे घराघरांत शांतता पसरते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं पुस्तक 1910 सालचं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 सालची. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापं धरून महाराष्ट्रातल्या कितीतरी नव्या सुनांची सासवांच्या तावडीतून सुटका केली. 'अंदाजाने घाला' या दोन शब्दांवर चालणारं राज्य त्यांनी वाटीने मोजून खालसा केलं. माझ्याकडे आईने दिलेली 'रुचिरा' आहे. सासूबाई त्या पुस्तकाला हात लावत नाहीत, पण मी ओट्यावर विसरून गेले तर परत येईपर्यंत पान उलटलेलं असतं.

भिजवलेलं पीठ पूर्वी वरवंट्याने कुटत. शेजारपाजाऱ्यांना दिवाळी आल्याचं त्या आवाजावरून कळे. आता फ्लॅटच्या खालच्या मजल्यावर लहान बाळ असतं किंवा ऑनलाइन मीटिंग असते, म्हणून कुटण्याचं काम मिक्सरच्या मोठ्या भांड्याकडे गेलं. पीठ मऊ होतं, पण सून किती राबते हे बिल्डिंगला कळत नाही. हा तोटा कुठल्या यंत्राने भरून येणार?

साटा हे प्रकरण पिठाहून नाजूक. थिजलेलं तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायचं, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत, मग त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लॉवर मिसळायचं. तूप थिजलेलंच हवं, कारण पातळ तेल पिठात मुरून जातं आणि दोन पोळ्यांच्या मध्ये उभं राहून त्यांना वेगळं ठेवायला कुणी उरत नाही. साटा हा दोन पोळ्यांमधला मध्यस्थ. तो वितळला की दोघी एक होतात, आणि चिरोट्याच्या बाबतीत एकी हा दोष आहे. याच कारणाने एकेकाळी वनस्पती तुपाला फार मान होता. डालडा 1937 साली बाजारात आला. त्याचे पिवळे डबे पुढे तुळशीला, गव्हाला, रॉकेलला आणि शेवटी चिरोटे ठेवायला उपयोगी पडले. आता घरात साजूक तुपाचाच आग्रह असतो. दिवाळीच्या दिवसांत ते आपोआप थिजतं. न थिजल्यास फ्रीज असतोच, आणि तूप फ्रीजमध्ये ठेवल्याबद्दल दोन वाक्यं ऐकावी लागतात.

पापडासारख्या पातळ तीन पोळ्या लाटायच्या, एकीवर एक रचायच्या, प्रत्येकीवर साटा फासायचा आणि घट्ट गुंडाळी करायची. काही घरांत एक पोळी गुलाबी आणि एक हिरवी असते. या रंगांचा चवीशी संबंध नसतो. ते फोटोसाठी असतात, आणि मोबाइल यायच्या आधीपासून असतात. गुंडाळीचे बोटाच्या पेरापेराएवढे तुकडे कापले की घरात पुन्हा दोन पक्ष पडतात. एक पक्ष कापलेली बाजू वर धरून हलकेच लाटतो. त्याचा चिरोटा गोल होतो आणि मध्ये चक्र दिसतं. दुसरा पक्ष तुकडा आडवा धरून एकाच दिशेने लाटतो; त्याचा चिरोटा लांबट होतो आणि पदर उभ्या रेघांनी दिसतात. गोलवाल्यांच्या मते लांबट चिरोटा म्हणजे आळस. लांबटवाल्यांच्या मते गोल चिरोटा म्हणजे दिखाऊपणा. दोन्ही बाजूंचं खरं आहे.

माझा नवरा इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याला या कामात रस येतो तो गणितापुरता. एका दिवाळीत त्याने गुंडाळीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "तीन पोळ्या गुणिले सहा वेढे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अठरा पदर. या टोकापासून त्या टोकापर्यंत छत्तीस." मग पदर सुटतात कसे, हेही त्याने समजावून सांगितलं. पिठातल्या पाण्याची कढईत वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा हवी असते, मधल्या तुपामुळे पोळ्या चिकटलेल्या नसतात, म्हणून वाफ त्यांना ढकलून वेगळं करते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छत्तीस मोजलेस ना? आता सहा लाटून दे." वाफ तेवढ्यात दुसऱ्या खोलीत निघून गेली.

लाटण्यात खरी मेख हाताच्या वजनात आहे. जोर दिला की छत्तीसचे तीन होतात. हात हलका लागतो, आणि हलका हात शिकवता येत नाही. सासूबाईंकडे तो आहे. बोलताना तो कुठे जातो, कळत नाही.

तळणं आलं की घरात पहिल्यांदा सगळे गप्प बसतात. आच मंद. तूप कडक तापलं तर बाहेरचे पदर लाल होतात आणि आतले कच्चे राहतात. फार गार असलं तर साटा वितळून बाहेर पडतो आणि चिरोटा तूप पिऊन बसतो. झाऱ्याने वरून गरम तूप सोडत राहायचं, म्हणजे पदर एकेक करून उमलतात. चिरोटा पांढरट राहायला हवा. "लाल झाले" या दोन शब्दांत आमच्याकडे अख्खा घाणा बाद होतो. बाद झालेले चिरोटे घरातली माणसं लगेच खातात, त्यामुळे उत्तम चिरोट्याची चव घरच्यांना सहसा ठाऊक नसते. उत्तम ते पाहुण्यांचे.

आणि मग पाक.

पाकाशी आलं की 'रुचिरा'ची वाटी आणि चमचा दोन्ही बाजूला ठेवावी लागतात. तिथे माप एकच: अंगठा आणि तर्जनी. पाकाचा थेंब ताटलीत घ्यायचा, जरा निवू द्यायचा, दोन बोटांत धरून बोटं हळूच लांबवायची आणि तारा मोजायच्या. सासूबाई निवू देत नाहीत. त्यांच्या बोटांना गरम लागत नाही, हे आम्ही सगळ्यांनी आता मान्य केलंय. अडचण डोळ्यांची आहे. तार दिसली की त्या चष्मा वर करतात, खाली करतात आणि मला विचारतात, "ही दुसरी तार की काचेवरचा ओरखडा?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागेपर्यंत पाक पुढे गेलेला असतो.

यावर उपाय म्हणून नवऱ्याने स्वयंपाकाचा थर्मामीटर मागवला. साखर-पाण्याच्या मिश्रणातलं पाणी उडत जातं तसा त्याचा उत्कलनबिंदू वाढत जातो. एकतारीला तो 105 अंशांच्या आसपास येतो, गोळीबंदला 115च्या. म्हणजे बोटं भाजायचं कारण नाही, काटा वाचला की झालं. त्याने आधी यंत्राची परीक्षा घेतली: साधं पाणी उकळलं. काटा 98वर थांबला. यंत्र सदोष आहे असं म्हणून तो ते परत पाठवायच्या तयारीला लागला. तेवढ्यात नववीतल्या मुलीने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "बाबा, पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी दोन अंश आधी उकळतं." क्षणभर कुणी बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "पुण्यात पाणीसुद्धा पुस्तकाचं ऐकत नाही होय?" सांगलीकरांना अशी संधी वारंवार मिळत नाही.

मग पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे ठरलं आणि तो कागद घेऊन बसला. पाकाची गंमत अशी, की सुरुवातीला काटा हलता हलत नाही. भांड्यात पाणी भरपूर असतं, ते आपल्या गतीने उडतं. पण पाणी कमी होत गेलं की तापमान भराभर चढतं. एकतारी आणि गोळीबंद यांच्यातलं अंतर कागदावर दहा अंश आहे, गॅसवर ते एका वजाबाकीएवढं. वजाबाकी पूर्ण झाली तेव्हा कढईत चिक्की करण्याची उत्तम तयारी झालेली होती.

पण पाक दिलदार असतो. साखर करपत नाही तोवर तो सगळं माफ करतो. पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा उकळी आणायची, तो निमूटपणे मागे येतो. साखर कढईच्या कडेला कडक होऊन सगळा पाक रवाळ होऊ नये म्हणून लिंबाचे थेंब टाकतात. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि मग उरलेल्या साखरेला खडे बांधणं अवघड जातं. मात्र थेंब म्हणजे थेंबच. अर्धं लिंबू पिळलंत तर पाक चिरोट्यावर वाळायचं नावच घेणार नाही, आणि पाहुण्यांना दारातून निरोप देताना हात मिळवणं टाळावं लागेल.

चिरोटा पाकात किती वेळ ठेवायचा? ठेवायचा नाहीच. बुडवायचा, उलटायचा, उचलायचा आणि चाळणीत उभा करून निथळू द्यायचा. पाक गरम हवा. चिरोटा मुरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी गुलाबजाम करावेत, पाकीट मिळतं.

आपण फार निराळं काही करतो असं वाटून घ्यायचंही कारण नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात लग्नाच्या पंगतीत चिरोटी असते, वर पिठीसाखर आणि बदामाचं दूध. हे कळल्यावर माझ्या आईला अचानक कर्नाटकाबद्दल आपुलकी वाटू लागली. बिहारमध्ये नालंद्याजवळच्या सिलावचा पदरापदरांचा खाजा इतका नावाजलेला, की त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुरीला जगन्नाथाच्या दारात खाजा मिळतो, आंध्रातल्या काकीनाड्याचा काजा चावला की आतून पाक येतो. मोरोक्कोतल्या बायका रमजानच्या तोंडावर पीठ फुलासारखं वळून तळतात, मधात बुडवतात आणि वर तीळ पेरतात. त्यांच्याकडेही कोणीतरी सासू ओट्याशी उभी राहून "मध पुढे गेला" म्हणत असणार, याबद्दल मला शंका नाही.

खरी परीक्षा पाडव्याला होते. शेजारून ताट येतं, आपलं ताट जातं. आपला डबा शेजारी पोचला की त्या काकू चिरोटा खात नाहीत. आधी तो उजेडात धरतात. मीही धरते. आमच्या मजल्यावर गेली कित्येक वर्षं याच पद्धतीने एकमेकींची मापं घेतली जातात आणि त्याबद्दल कुणी कधीही बोललेलं नाही. "छान झालेत" याचा अर्थ पदर कमी. "कसे केलेत?" याचा अर्थ पदर भरपूर, आणि हे विचारताना झालेला त्रास लपवण्याचा प्रयत्न. डबा परत येतो तेव्हा रिकामा नसतो. त्यात त्यांच्या घरचे दोन चिरोटे असतात, उरलेल्यांतले सगळ्यात चांगले, निवडून ठेवलेले. नवरा ते खातो आणि कसे होते हे विचारलं की "गोड" म्हणतो. घर टिकवण्याची कला त्याला अवगत आहे.

सगळं झाल्यावर पाक उरतोच. तो कधी पुरत नाही आणि कधी संपत नाही. त्याचा शिरा करा, सुधारसात ढकला, पण चहात घालू नका. वेलची-केशराचा चहा दोन दिवस बरा लागतो, तिसऱ्या दिवशी घरातली माणसं बाहेर चहा प्यायला लागतात.

मापं विचारणाऱ्यांसाठी: दोन वाट्या मैदा, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, साट्याला चार चमचे थिजलेलं तूप आणि तेवढीच तांदळाची पिठी. पाकाला दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी, चार-पाच थेंब लिंबू, केशर ऐपतीप्रमाणे. पाक दोनतारीच करा, म्हणजे चिरोटा वरून कोरडा राहतो आणि दाताखाली पदर वाजतात. एकतारीच हवा असं ज्यांचं म्हणणं असेल त्यांनी तो आपल्या घरी करावा, आणि आमच्याकडे डबा पाठवताना वर झाकण घट्ट लावावं.